स्ट्रेस मोजणारं घड्याळ, चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी गॅजेटवाली बाई नाही, मोबाईलसुद्धा नवऱ्याचा जुना वापरते. पण ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे कामावरून आले, स्कूटर लावली आणि खाली पार्किंगमध्येच वीस मिनिटं हेल्मेट घालून बसून राहिले, वर जायची इच्छाच होईना, आणि दुसरी म्हणजे सेलमध्ये हे घड्याळ ८,९९९ चं ५,४९९ ला दिसलं. स्ट्रेस ट्रॅकिंग, स्लीप, ब्रीदिंग गाइड वगैरे लिहिलेलं. घेऊन टाकलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या रेंजमधली घड्याळं बघितली तर सगळी बहिणी-बहिणी वाटतात, माझ्या पीसचा दोष उगाच कुणाच्या माथी नको.

मी बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, एका फॅक्टरीच्या अकाउंट्समध्ये आहे, घर दांडिया बाजारात. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या महिन्यात खऱ्या तारखा तीनच, ७, ११ आणि २०. ७ ला टीडीएस, म्हणजे लोकांच्या पैशातून आधीच कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचा रिटर्न, आणि मधले दिवस या तारखांची रडगाणी. त्यात सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिट, तेव्हा तर कुणी "कशी आहेस" विचारलं तरी वाटतं आता हा कुठलं तरी व्हाउचर मागणार.

तर घड्याळ स्ट्रेस मोजतं म्हणजे काय करतं ते आधी. मागच्या बाजूला हिरवा लाइट असतो, तो कातडीखालून रक्त कसं वाहतंय ते बघतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर काढतो. मला वाटायचं निरोगी हृदय अगदी टिकटिक एकसारखं चालत असेल, तर उलटंच आहे, निवांत असताना ते अंतर सारखं थोडं कमीजास्त होत असतं आणि ताण आला की ठोके एका मापाचे पडायला लागतात. याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात. त्यावरून ० ते १०० मधला एक आकडा देतात. म्हणजे घड्याळाला साहेब दिसत नाहीत, बिल जुळत नाहीये हे कळत नाही, त्याला फक्त ठोके कळतात.

पहिला आठवडा आकडा बघण्यातच गेला. दर पाच मिनिटांनी मनगट वर. आकडा वाढलेला दिसला की त्याचंच टेन्शन आणि मग आकडा अजून वर! एकदा साहेब माझ्या टेबलाशी उभे, एका पार्टीचं बिल जुळत नाही म्हणून दोघं वैतागलेलो, आणि हे घड्याळ मनगटावर थरथरायला लागलं, ७९, रिलॅक्स, एक मिनिट श्वास घ्या. साहेबांनी वाचलं. काही बोलले नाहीत पण त्यांनी जे बघितलं ना माझ्याकडे, तो आकडा ७९ चा ९० झाला असणार. हे व्हायब्रेशन पहिल्या दिवशीच बंद करा, सेटिंगमध्ये आहे, जरा खोल लपवलंय.

आता सगळ्यात राग आणणारी गोष्ट. घड्याळावर देवनागरी दिसतच नाही. गुजराती पण नाही. साहेबांचं इंग्रजीतलं "प्लीज कॉल अर्जंट" अगदी ठळक, सुबक दिसतं, आणि दुपारी आईचा मेसेज येतो तो सगळा चौकोनी चौकोनी डबे. आईचा मेसेज काय असतो, जेवलीस का, डब्यात काय नेलंस. म्हणजे स्ट्रेस वाढवणारं सगळं स्पष्ट आणि कमी करणारं सगळं डबे, आणि वर हेच यंत्र मला रिलॅक्स व्हा सांगणार. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं अपडेटची वाट बघा. बघतेय.

आता एवढं असून घड्याळ परत का नाही केलं ते सांगते, कारण खरा उपयोग महिन्याभराने झाला. ॲपमध्ये महिन्याचा ग्राफ निघतो. मला खात्री होती की ७, ११, २० ला डोंगर दिसणार. दिसले, पण छोटे. सगळ्यात मोठा डोंगर कुठे तर रविवारी रात्री आठ ते साडेदहा! म्हणजे मी घरी, सोफ्यावर, पाय वर घेऊन बसलेली, हातात काही काम नाही. मला आधी वाटलं घड्याळ बिघडलंय. मग दुसरा रविवार, तिसरा रविवार, तेच. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की त्याच वेळी साहेबांचा फोन येतो. "बेन, बे मिनिटनुं काम छे." ती दोन मिनिटं चाळीस मिनिटांची असतात, पण त्याहून वाईट म्हणजे ज्या रविवारी फोन आला नाही त्या दिवशीही आकडा तेवढाच होता. मी फोनची वाट बघत बसलेली असायचे आणि मला स्वतःलाच पत्ता नव्हता.

लहानपणी आमच्या घरी थर्मामीटरमध्ये ताप दिसल्याशिवाय शाळा बुडवता यायची नाही. अंग दुखतंय, बरं वाटत नाहीये, हे कारणच नव्हतं, पारा दाखव. बहुतेक तेच माझ्यात राहिलंय, म्हणजे पार्किंगमध्ये हेल्मेट घालून बसले होते तेव्हाही मी स्वतःला हेच म्हणत होते की नाटकं पुरे, वर जा, कणीक मळायचीय. हा ग्राफ बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं की हो बाई, काहीतरी होतंय. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून टाकलं, रात्री आठनंतर फोन नाही उचलणार, फारच असेल तर मेसेज टाका, सकाळी पहिलं काम तेच करीन. ग्राफ वगैरे दाखवला नाही, त्यांना काय करायचंय त्याच्याशी. "सारु" म्हणाले. दोन दिवस तरीही केला, मी उचलला नाही, मग बंद. आता तो फोन आमच्या टीममधल्या नव्या मुलाला जातो हे मला माहितीये आणि त्याचं वाईट वाटतं, त्याच्याशी बोलणार आहे एकदा.

दुसरी गोष्ट चहा. संध्याकाळी सहाला गेटबाहेरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चहा हा आमचा नेम. ॲपमध्ये झोप बघितली तर डोळे मिटले तरी एक वाजेपर्यंत ठोके खाली येतच नव्हते. शोधलं तर कळलं की कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाचा चहा अकराला अर्धा शिल्लक. आता चारला पिते आणि सहाला लारीवर नुसती उभी राहून गप्पा मारते. यात घड्याळाचं क्रेडिट अर्धंच, बाकी अर्धं नेटचं.

ब्रीदिंग गाइड मात्र चांगलं आहे. एक गोळा मोठा होतो, छोटा होतो, चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की ठोके मंदावतात, पाच मिनिटं केलं तर माझा आकडा दहा-पंधराने खाली येतो. पण त्यापुढचं "माइंडफुलनेस प्रोग्रॅम" उघडायचं तर वर्षाचं सबस्क्रिप्शन. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं डोळे मिटून बसायचे पैसे?" आणि खरंच, आमच्या दांडिया बाजारातच योगी अरविंद घोष राहायचे ते अरविंद निवास आहे, आणि इथे बडोद्यातच १९०८ च्या सुरुवातीला विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याने अरविंदांना तीन दिवस बसवून मन शांत करायला शिकवलं होतं. मला काही तीन दिवसांत जमणार नाही, पण सबस्क्रिप्शन घेतलं नाही.

नवरात्रात तर गंमतच. नऊच्या नऊ दिवस गरबा, वर्षभरात मी सगळ्यात खुश असते ते हेच दिवस, आणि घड्याळ रोज सकाळी तोंड पाडून सांगतंय रिकव्हरी खराब, आज विश्रांती घ्या. त्याच्या लेखी गरबा आणि ऑडिट एकच. रविवारी सकाळी कमाटीबागेत फिरायला जाते, १८७९ पासूनची बाग, ११३ एकर, आत शिरलं की स्टेशनचा गोंगाट मागे राहतो, पण चालताना हे स्ट्रेस मोजतच नाही म्हणून ग्राफमध्ये तेवढा भाग कोराच. मला आतापर्यंत दिसलेला सगळ्यात कमी आकडा १७, तो मेथी निवडताना.

बाकी किरकोळ. बॅटरी दहा दिवस लिहिलंय, स्ट्रेस सतत चालू ठेवलं तर चार दिवस. रबरी पट्ट्याने ऑक्टोबरच्या घामात मनगटावर चट्टा उठला, मग दीडशे रुपयांचा कापडी पट्टा लावला. सोफ्यावर मालिका बघत बसलं की त्याला झोप समजतं. आणि हे मेडिकल यंत्र नाही हे बॉक्सवरच बारीक अक्षरात लिहिलंय, छातीत दुखतंय आणि तुम्ही आकडा बघताय असं करू नका, सरळ डॉक्टरकडे जा. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि चोवीस तास चालू, तिथे माणूस बोलतो.

घ्यावं का? ज्यांना आपण थकलोय हे आधीच कळतं त्यांनी पैसे वाचवावेत. माझ्यासारखं पारा बघितल्याशिवाय न मानणाऱ्यांनी घ्या, दोन महिने सलग वापरा, ग्राफ बघा, मग कुणाला तरी देऊन टाका. पाचपैकी तीन स्टार, एक त्या चौकोनी डब्यांसाठी कापला आणि एक बॅटरीसाठी.

माझं सध्या सासूबाईंच्या हातात आहे. त्यांचा आकडा दिवसभर वीसच्या आसपास असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. फक्त साडेसातची मालिका लागली की ६८.