कुकरचं अर्कयंत्र: पावसाळ्यापासून वापरतोय, खरं खरं सांगतो

गवती चहाचं तेल नि अर्क काढायला जुन्या ५ लिटरच्या कुकरचं जुगाड केलंय, पावसाळ्यापासून चालूय, आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगतो, दारू नाही, घरी दारू गाळणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तरी येणारा प्रत्येक जण "काय मग, पहिल्या धारेची कधी?" विचारतोच.

खर्च कुकर सोडून हजाराच्या आतबाहेर. फ्रिज-एसी रिपेरवाल्यांकडची पाव इंची तांब्याची नळी ३ मीटर, जाड सिलिकॉन पाइप, बादली. नळीत बारीक मीठ गच्च भरून मग बाटलीभोवती गुंडाळायची म्हणजे चेपत नाही, नंतर पाण्याने मीठ विरघळून जातं. शिट्टीच्या जागी पाइप नि क्लिप, त्यातून वाफ बादलीतल्या गार पाण्यात बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यात जाते नि तिथे थंड होऊन अर्क म्हणून बाहेर पडते. पाला जाळीवरच ठेवा, कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, एखादं पान जाऊन वाफेचं तोंड बुजलं तर खेळ खलास, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवाच टाका.

पण खरी गंमत कुकरमध्ये नाहीच, बादलीत आहे. वरचं पाणी चटका बसेल इतकं तापतं तेव्हा तळाचं गारच असतं, म्हणून नळाचं पाणी पाइपने तळाशी सोडायचं नि वरून वाहू द्यायचं. गॅस बारीक. नळीतून थेंब थेंब आलं पाहिजे, वाफ आली तर समजा वाया चाललंय. स्वयंपाकघर घमघमलं म्हणून खूश होऊ नका राव, तो वास बाटलीत हवा होता!

किलोभर ताज्या पाल्याचं तेल २-३ मिली येतं, पिवळसर, पाण्यावर तरंगतं, सिरिंजने अलगद ओढून घ्यायचं. लवंगेचं उलट, तळाशी बसतं. गुलाबाच्या तेलाचं विसरा, किलोभर तेलाला ३-४ टन फुलं लागतात, गुलाबजल मात्र झकास होतं, फक्त फुलं गावठी हवीत, बुकेवाल्या गुलाबांना वासच नसतो. वाळा तर अजिबात नको, त्याचं तेल तासन्तास उकळल्याशिवाय सुटत नाही, सिलेंडर संपेल.

पैशाचा हिशोब केलात तर तेल विकतच स्वस्त पडतं, हा हौसेचाच मामला. नळी आतून हिरवी पडते, दर वेळी लिंबूपाणी फिरवून फुंकून कोरडी करावी लागते, याचा मला सगळ्यात जास्त कंटाळा येतो. आणि काळं रबरी गॅस्केट वास सोडत नाही, सिलिकॉनचं घ्या, त्या कुकरात वरणभात परत लावायचा नाही हे घरात आधीच सांगून ठेवा.