नाशिकमध्ये पायी कामाला जायचं? मग घर असं निवडा

बदली होऊन नाशिकला येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, ऑफिसपासून घर किती किलोमीटर? मी सहा वर्षं पायी कामाला जातोय. माझं सांगणं एवढंच, किलोमीटर नंतर मोजा, आधी वाटेत कोणता रस्ता ओलांडावा लागतो ते बघा.

मुंबईत चालणं आपोआपच होतं. चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंट, सीएसएमटीहून फोर्ट, सगळे झपाझप चालतच जातात. पण घर विरारला असेल तर त्याआधी लोकलमधलं उभं राहणं आहेच. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केलेत, तिथे चालायला सुख वाटतं. पण राहायला पेठेत आणि नोकरी हिंजवडीत, अशांना त्याचा रोजचा उपयोग नाही. नाशिकमध्ये मात्र घरापासून कामापर्यंतची अख्खी वाट पायी जमू शकते.

माझी वाट पंचवटी कारंजा ते मेन रोड. अहिल्यादेवी होळकर पुलावर सकाळी गोदेचा गार वारा लागतो, खाली रामकुंडावर स्नानाची गर्दी दिसते. पुढे रविवार कारंजाला दुकानांची शटर वर जात असतात, कुणी दारात पाणी मारत असतं. वीस मिनिटांत मी पोचतो. गाडीनं सात मिनिटं लागतात हे खरं, पण मेन रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात दहा जातात. गावठाणात काम असेल तर पायी जाणंच शहाणपणाचं, यात मला शंका नाही.

सिडको वसाहतीत घर आणि अंबड एमआयडीसीत काम, याचं गणित वेगळं. अंतर कमी, म्हणून कितीतरी कामगार चालतच शिफ्टला जातात. पण शिफ्ट सुटते तेव्हा ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाकी एकदमच रस्त्यावर येतात आणि पायी माणूस कडेच्या मातीत ढकलला जातो. रात्रपाळी असेल तर मी तरी गाडीच घ्या म्हणेन. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याला राहून हायवेपलीकडे जायचं असेल, तर उड्डाणपुलाखालची ती गाड्यांची वळणं रोज दोनदा पार करावी लागतील. तिथे दीड किलोमीटरही जड जातो.

कॉलेज रोड, गंगापूर रोड ना फार चांगले, ना फार वाईट. सावली आहे, पदपथही आहेत, पण सलग नाहीत. चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इथे मात्र मध्येच वीजपेटी, पुढे खाद्यपदार्थांची गाडी, मग उभ्या केलेल्या स्कूटर. पावसात छत्री घेऊन माणूस खाली रस्त्यावरच उतरतो. म्हाताऱ्यांचे हाल बघून जीव तुटतो.

नाशिकरोडला घर आणि काम शहरात असेल तर पायी जायचा विचार सोडा. २०२१ पासून सिटीलिंकच्या बस आहेत. बस आणि शेवटचा टप्पा पायी, हे जमतं.

उन्हाळा दोन महिने त्रास देतो. सकाळी नाही, परतताना. रस्ता तेव्हाही तापलेलाच असतो, टोपी आणि पाण्याची बाटली लागतेच.

घराचं डिपॉझिट देण्याआधी ती वाट एकदा सकाळी नऊला आणि एकदा अंधार पडल्यावर चालून बघा. घरातली बाई एकटी जाणार असेल तर रात्रीची फेरी तिच्यासोबतच करा, आणि घर घ्यायचं की नाही ते तिला ठरवू द्या.