केसरीवाडा की फुलेवाडा?

बाहेरगावचे पाहुणे आले की शनिवारवाडा ठरलेलाच. पण पाहुणा वाचणारा असला तर म्हणतो, एखाद्या लेखकाचं घर दाखवा. मग पहिलं नाव निघतं पुलंचं. भांडारकर रस्त्यावर ‘मालती-माधव’समोर उभं राहून फोटो काढता येतो, पण ती लोकांची राहती इमारत, घर बघायला म्हणून आत शिरण्याची ती जागा नव्हे. म्हणजे उरले दोन वाडे, नारायण पेठेतला टिळकांचा आणि गंज पेठेतला फुल्यांचा. हाताशी एकच सकाळ असेल तर कुठला?

केसरीवाड्यात बघायला जास्त आहे, यात वाद नाही. हा मूळचा गायकवाडवाडा, टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. त्यांचं लिहायचं मेज, पत्रं, कागदपत्रं तिथे जपलेली आहेत. मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्टला फडकवलेला झेंडाही इथेच. मुलं हमखास त्याच्यापाशी रेंगाळतात.

मी मात्र मेजापाशी अडतो. कारण ‘गीतारहस्य’ या मेजावर लिहिलेलंच नाही. १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि वाड्याचे धनी सहा वर्षं मंडालेला. १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथल्या कोठडीत पेन्सिलीनं वह्या भरल्या. त्या सरकारनं ठेवून घेतल्या, सुटकेनंतर परत केल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला. तेव्हा या वाड्यात भेटतात ते संपादक टिळक. ग्रंथकर्ते टिळक शोधायचे तर बरंच पूर्वेला जावं लागेल!

फुलेवाड्याचं उलटं. ठेंगणं कौलारू घर, मांडलेल्या वस्तू जेमतेम. पाहुण्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर दहा मिनिटांत “एवढंच?” असं ऐकून घ्यावं लागेल. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवं अंग लुळं पडलं. मग त्यांनी डाव्या हातानं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. ते छापलेलं बघायला ते राहिले नाहीत. १८९० मध्ये गेले, पुस्तक १८९१ मध्ये निघालं. हे ठाऊक असलं की रिकामी खोली रिकामी वाटत नाही. घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. आपल्याला मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती, घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेनं परवानगी नाकारली. दहन झालं आणि अस्थी इथे ठेवल्या गेल्या. वर तुळशीवृंदावन आहे. लेखकाचं घर आणि त्याची समाधी एकाच अंगणात, असं पुण्यात मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

माझा कौल फुलेवाड्याला. सोबत शाळकरी मुलं असतील, किंवा पाहुण्यांना काचेआड काहीतरी दिसल्याशिवाय बघितल्यासारखं वाटत नसेल, तर केसरीवाडा. फक्त गणेशोत्सवात नको. तिथे मानाचा पाचवा गणपती बसतो, तेव्हा गर्दीत निवांत बघणं कठीण. तशीच गर्दी ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, फुलेवाड्यात असते. आणि दोन्हीकडे रिक्षानंच जा. पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी सकाळ जाते.