सागवानी खिडक्या, न लागलेली वाळवी आणि माझे ९३,१०२ रुपये

रक्कम आधीच पूर्ण लिहून टाकते, कारण जवळच्या नातेवाइकांनाही मी आजवर "साठेक हजार गेले" असंच सांगत आले आहे. गेले ९३,१०२ रुपये. शिवाय चार सागवानी खिडक्या गेल्या. १९७४ साली आमची इमारत उभी राहिली तेव्हापासूनच्या त्या खिडक्या होत्या आणि त्यांना फक्त दुरुस्ती हवी होती.

पावसाळ्याच्या तोंडावर "मोफत तपासणी" करत सोसायट्यांमधून फिरणारे लोक सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांची पद्धत मलाही ठाऊक होती. नोकरीचा सगळा काळ मी हिशेब विभागात काढला आहे, लोकांची बिलं तपासण्यात. "तू शिकलेली असून कशी फसलीस?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की मी कोटेशन लेखी घेतलं, जीएसटी क्रमांक मागून घेतला, पैसे रोख न देता यूपीआयने दिले. जे करायला सांगतात ते सगळं केलं होतं.

खिडक्यांचा प्रश्न खराच होता. दिवाणखान्यातल्या खिडकीची खालची आडवी पट्टी फुगली होती, दोन झडपा लागत नव्हत्या, तावदानांच्या कडेची लांबी (काच पक्की बसवायची पुट्टी) जागोजागी सुटली होती. आधीच्या जुलैत पाणी आत येऊन भिंतीला ओल आली. सासूबाई ८२ वर्षांच्या, त्यांना दमा. त्यांचा पलंग नेमका त्याच भिंतीला. दुरुस्ती करावी की बदलून टाकाव्यात, यावर घरात दोन मतं होती. नेहमीचे सुतारमामा लग्नसराईसाठी गावी गेलेले आणि जूनच्या आत येतो म्हणालेले. त्याच आठवड्यात हा माणूस दारात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरने माप घेणारं यंत्र. शेजारच्या इमारतीत काम केल्याचे फोटो दाखवले आणि "तुमच्या समाधानासाठी" म्हणून एका ग्राहकाशी फोनवर बोलणंही करून दिलं.

दिवाणखान्यातल्या चौकटीत त्याने खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला, मूठ उघडली आणि पिठासारखा भुगा दाखवला. "ताई, वाळवी आहे. आतून पोखरलंय. झडप खाली कुणाच्या डोक्यात पडली तर केस तुमच्यावर होईल."

इथे थांबून नीट वाचा. आपल्याकडच्या घरांत सर्रास दिसते ती वाळवी मातीच्या वाटा करत येते. लाकडावर, भिंतीवर मातीचे नळीसारखे पापुद्रे दिसतात, आत ओलसर माती सापडते. पिठासारखा कोरडा भुगा पाडतात ते भुंग्याच्या जातीचे किडे, आणि तेही लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात. जुन्या सागाच्या गाभ्याला दोन्ही सहसा शिवत नाहीत. आमच्या चौकटीवर मातीचा एक कणही नव्हता. तो भुगा त्याने खिशातून आणला होता असं माझं ठाम मत आहे. पण समोर म्हातारं माणूस खोकत असताना आणि कुणी आपल्याच घरातला भुगा तळहातावर धरून दाखवत असताना लाकूडशास्त्र कुणाला आठवतं?

पुढे त्याने स्ट्रक्चरल ऑडिटची भीती घातली. इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी आहे, ऑडिटवाले खिडक्यांवर शेरा मारतील आणि सोसायटी नोटीस काढेल, असं म्हणाला. ते ऑडिट कॉलम, बीम आणि स्लॅबचं असतं. घराच्या आतल्या लाकडी झडपेशी त्याचा संबंध नाही. तुमच्या दारात कुणी हा शब्द उच्चारला, तर आधी सोसायटीच्या सचिवांना फोन लावा.

कोटेशन असं होतं: एकूण ७६ चौरस फूट, यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) स्लायडिंग खिडक्या, ८५० रुपये दराने ६४,६००. खाली ग्रॅनाइटची पट्टी ९,८००. जुन्या खिडक्या काढणे व मलबा उचलणे ४,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १४,२०२. एकूण ९३,१०२. सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या पोकळ प्लॅस्टिक पट्टीची, जाडी २.२ मिलिमीटर, आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी, ५ मिलिमीटर टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) काच, दहा वर्षांची हमी. सगळं छापील. "सेक्शन मागवायला" म्हणून ४५,००० आधी घेतले, बसवायच्या दिवशी सकाळी ४०,०००, संध्याकाळी उरलेले ८,१०२. यूपीआयवर नाव फर्मचं आलं नाही, कुणा भलत्याच व्यक्तीचं आलं. मी विचारलं, तर "अकाउंटंटचं खातं आहे" म्हणाला. फर्मचं नाव आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

आता तो क्षण. चौकट काढताना त्याच्या कामगार पोरांनी ती मधोमध कापली आणि खोलीभर सागाचा वास पसरला. ताज्या लाकडाचा, तेलकट, गोडसर. मी जवळ जाऊन पाहिलं. काप भरीव, मधासारख्या रंगाचा, एक छिद्र नाही. पन्नास वर्षं ऊनपाऊस खाल्लेलं लाकूड आतून कोरं करकरीत होतं. आणि जे लाकूड त्याने सडलंय म्हणून सांगितलं, ते त्याची पोरं जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून, दोऱ्या बांधून, जपून खाली नेत होती. पितळी बिजागऱ्या, कड्या, खिट्ट्या एकेक सोडवून वेगळ्या पिशवीत भरल्या. मलबा कुणी ब्लँकेटमध्ये गुंडाळत नाही! हे वाक्य तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण तोपर्यंत ८५,००० गेलेले, भिंतीला चार भोकं पडलेली आणि आकाश भरून आलेलं. अशा वेळी काम थांबवून सासूबाईंना उघड्या भिंतीपाशी कुणी झोपवलं असतं?

सुतारमामा परत आल्यावर त्यांनी फोटो पाहून हिशेब केला. सात-आठ घनफूट जुना साग, वखारीत वीस हजारांच्या खाली कुणी मागितला नसता. म्हणजे माझा माल त्याने फुकट नेला आणि नेण्याबद्दल ४,५०० रुपये, अधिक जीएसटी, माझ्याकडूनच वसूल केले. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनो, खिडकी-दरवाजा काढायचाच असेल तर लाकडाची किंमत आधी वखारीत विचारा आणि ती बिलातून वजा करून घ्या.

दुसरी खूण त्याच दुपारी स्वयंपाकघरात होती. काच बसेना, म्हणून एका पोराने काच कापायच्या हिरकणीने कडेची पट्टी कापली. टफन काच कापता येत नाही. ती भट्टीत जाण्यापूर्वीच मापाला कापतात. नंतर कापायला गेलं तर तिचे बारीक तुकडे होतात. जी काच घरात कापली गेली ती टफन नव्हतीच. खऱ्या टफन काचेच्या कोपऱ्यात बहुधा न पुसला जाणारा बारीक शिक्काही असतो. आमच्या एकाही काचेवर तो नाही. मोजली तर जाडीही ४ मिलिमीटर निघाली.

जूनच्या शेवटी मोठा पाऊस झाला आणि चारही खिडक्यांचा खालचा ट्रॅक भरून पाणी घरात आलं. स्लायडिंगच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोकं पाडावी लागतात, ती पाडलीच नव्हती. ग्रॅनाइटचा उतार बाहेर हवा, तो आत दिलेला. चौकट आणि भिंत यांमधल्या फटीत नुसता फोम, वर सिलिकॉनची रेघ, तीही बोटाने सोलून निघाली. पूर्वी एका खिडकीतून पाणी यायचं, आता चारही खिडक्यांतून येतं. फ्रिजवरचं चुंबक घेऊन सेक्शनवर फिरवलं, कुठेच ओढ लागली नाही. आत लोखंडी पट्टी नाही. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि ती शेवटचा हप्ता देण्याआधी करायची असते.

याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकांनी तशाच खिडक्या सुतारमामांकडून दुरुस्त करून घेतल्या. फुगलेल्या पट्ट्या कापून नव्या सांधल्या, झडपांना रंधा मारला, लांबी नव्याने भरली, ऑइलपेंटचे दोन हात दिले. खर्च १६,५०० रुपये. त्यांच्याकडे थेंब आला नाही. लाकूड सुक्या दिवसांत तपासा. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्वतःच्या हाताने टोचा. सहज आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय, नाही गेलं तर चौकट ठेवा. पावसात फुगलेली झडप म्हणजे सडलेली झडप नव्हे.

त्याचा फोन आधी "साइटवर आहे" सांगायचा, मग वाजायचा, मग बंद झाला. कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली, आणि तीही गुजरातमधली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, याच्या कागदावर २४ होता. म्हणजे १४,२०२ रुपयांचा कर सरकारला नाही, त्याच्या खिशात गेला.

पोलिसांकडे गेले. "मॅडम, खिडक्या बसवल्या ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." मी सांगत होते, की काम वाईट झालं ही माझी तक्रार नाही. पहिल्याच दिवशी नसलेली वाळवी दाखवून, रद्द झालेल्या क्रमांकावर कर लावून त्याने पैसे घेतले. हेतू सुरुवातीपासून खोटा होता, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे. अंमलदाराने अर्ज ठेवून घेतला आणि पोच द्यायलाही कुरकुर केली. "चाळीस-पन्नास लाखांच्या केसेस पडून आहेत," हे ऐकवलं. माझे ९३ हजार लहान वाटत असतील, पण ते माझ्या निवृत्तीच्या पैशांतून गेलेत. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांना, टपालाने लेखी कळवता येतं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मला ठाण्यातल्या कुणी सांगितलं नाही, भाच्याने सांगितलं. पत्र गेलंय. उत्तर नाही.

बँकेत "पिन तुम्हीच टाकला ना?" एवढाच प्रश्न. पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचा तपशील ग्राहकाला देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हाच नाही तर पत्र कसलं? ज्याने लुबाडलं त्याची गोपनीयता जपायला दोन्ही खात्यांत माणसं आहेत, आणि मी जिन्यात उभी!

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नीट ऐकून घेतात, तक्रार क्रमांक देतात, पण तिथे निवाडा होत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मी केली. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं २०१९ च्या कायद्यात लिहिलंय. माझी नोटीस "पत्ता सोडून गेले" असा शेरा मारून परत आली आणि पुढची तारीख पडली. नवा पत्ता मीच शोधून आणायचा. मी, पोलीस नाहीत!

हाच माणूस दुसऱ्या फर्मच्या नावाने जवळच्या जुन्या सोसायट्यांत फिरतोय, असं आमच्या वॉचमनने सांगितलं. ज्यांच्याकडे त्याने वाळवी दाखवली असेल, त्यांनी कोटेशन आणि यूपीआयची पावती जपून ठेवा आणि रक्कम कितीही लहान असली तरी पोलिसांकडे लेखी द्या, पोच घ्या. एकाच माणसाविरुद्ध तोच भुगा दाखवल्याच्या चार तक्रारी आल्या, तर "दिवाणी मामला" म्हणून कुणाला परत पाठवणं त्यांना सोपं जाणार नाही.