दारव्हा तालुक्यातून वरुडला: पॅकर्स-मूव्हर्सचा अनुभव, आणि गाडी येण्याआधीचे आमचे पंधरा दिवस

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात अकरा वर्षं राहिले. यंदा पती-पत्नी एकत्रीकरणातून आंतरजिल्हा बदली झाली आणि मे महिन्यात बिऱ्हाड अमरावती जिल्ह्यातल्या वरुडला हलवलं. आमचे हे आधीपासून वरुडलाच नोकरीला, त्यामुळे घर आवरायला मी, सासूबाई आणि नववीतली लेक, एवढीच माणसं. गावात कोणाची बदली झाली की ओळखीतला ट्रॅक्टर सांगतात, ट्रॉलीत गाद्या अंथरतात आणि निघतात. पण नेर, अमरावती, मोर्शी असा दीडशे किलोमीटरच्या वरचा पल्ला आणि अंगाची लाही करणारं ऊन. म्हणून नागपूरच्या एका कंपनीला काम दिलं. पाचपैकी चार तारे देते आहे. एका रकमेचा वाद अजून मिटायचा आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

भाव तिघांकडून मागवले होते. एकाने सामान न बघताच फोनवर १३ हजार सांगितले आणि इसार लगेच पाठवा म्हणाला. ऑफिसचा पत्ता विचारला तर उडवाउडवी. त्याला तिथेच सोडलं. दुसऱ्याला आमच्या तारखा जमत नव्हत्या. ज्यांना काम दिलं त्यांनी व्हिडिओ कॉलवर एकेक खोली बघितली. १४ फुटी आयशर ट्रक, चार माणसं, पॅकिंग, चढवणं-उतरवणं, लाकडी सामान खोलणं-जोडणं, सगळं धरून २१,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, असं लेखी कोटेशन दिलं. विमा वेगळा, सांगितलेल्या किमतीच्या ३ टक्के. मी फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, सागवानी बंगई (घरातला झोपाळा) आणि आलमारी मिळून १ लाख किंमत लिहून दिली आणि ३,००० रुपये भरले. मात्र विमा कंपनीचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत इसार दिला नाही. याबाबत अडून राहा. कोटेशनवर विम्याची ओळ असते, पैसेही घेतात, पण कधी कधी पॉलिसी काढलेलीच नसते, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं असतं.

कॉलवरचा मुलगा सारखं एकच म्हणायचा, “मॅडम, तुम्हाला काहीच करायचं नाही, आमची माणसं येऊन सगळं पॅक करतात.” शहरातल्या फ्लॅटला हे चालत असेल. खेड्यातल्या घराला नाही चालत. त्यांच्या यादीत आमचं स्वयंपाकघर म्हणजे ‘किचन, बॉक्स ४’. त्या किचनमध्ये गहू आणि ज्वारीच्या दोन कोठ्या, तुरीच्या डाळीचा कट्टा (पोतं), पितळेचे दोन गुंड (पाण्याची भांडी), कोपर (मोठी परात), लोणच्याच्या बरण्या, आणि त्याच महिन्यात वाळवलेल्या कुरडया-शेवया. हे सामान कसं न्यायचं ते त्या पोरांना माहीत असायचं कारण नाही. काच, लाकूड, यंत्र यांना त्यांचा हात चांगला बसलेला आहे. धान्य, तेल, वाळवणं, देव आणि कागद मात्र आपणच आधी मार्गी लावायचे. मी तसं केलं म्हणून काम एका दिवसात झालं.

धान्यापासून सुरुवात केली. भरलेली कोठी उचलली की तळाचा पत्रा वाकतो, म्हणून दोन्ही कोठ्या रिकाम्या करून धान्य कट्ट्यांत भरलं. कट्टा चाळीस किलोच्या वर जाऊ दिला नाही, एका माणसाला पाठीवर घेता यावा म्हणून. तोंडं दाभणाने, सुतळी ओवून शिवली, नुसती बांधली नाहीत. कडुनिंबाचा पाला वर्षाचाच होता, तो पाखडून काढला आणि नवा वाळलेला टाकला. रिकाम्या कोठ्यांत उशा आणि गोधड्या कोंबल्या, त्यामुळे कोठ्यांना पोचे आले नाहीत आणि खोकीही वाचली. कुरडयांचे डबे गळ्यापर्यंत भरून वर जुन्या लुगड्याची घडी दाबून बसवली. डब्यात जागा राहिली की कुरडई हलते आणि पोचेपर्यंत चुरा होतो.

लोणच्यावर सासूबाईंनी कोणाचंच ऐकलं नाही. “बरणी मी कोनाच्या हाती देत नाई, सांगून ठेवतो,” एवढंच म्हणाल्या. मागच्या साली घातलेलं, चांगलं मुरलेलं आंब्याचं लोणचं होतं. आदल्या रात्री त्यांनी बरणीतलं वरचं दोन बोटं तेल पळीने काढून बाटलीत भरलं, कारण हेलकाव्याने तेल झाकणातून बाहेर येतं. बरणीचा काठ कोरड्या फडक्याने दोनदा पुसला. तोंडावर प्लास्टिकचा कागद, त्यावर झाकण, त्यावर धुतलेल्या पांढऱ्या कापडाचा दादरा. सुती नाडा गळ्याखालून तीन वेढे ओढून बांधला आणि गाठ मारल्यावर बरणी आडवी करून तळहात खाली धरला. हात कोरडा निघाला तेव्हाच त्यांचं समाधान झालं. मग बरणी लोखंडी बादलीत ठेवली आणि चारी बाजूंनी घरचा कापूस ठासला. दारव्ह्याकडच्या घरात कापूस कमी पडत नाही. ती बादली आमच्यासोबत बोलेरोत, सासूबाईंच्या पायांशी. वरुडला तेल परत वर ओतलं, फोड अन् फोड जशीच्या तशी.

गॅसचं काम आठ दिवस आधी करा. सिलिंडर कोणतीच कंपनी गाडीत घेत नाही आणि घेऊही नये. मी एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केलं, अनामत परत घेतली, ट्रान्सफर व्हाउचर घेतलं. त्यावरच वरुडच्या एजन्सीत कनेक्शन मिळालं. मधले चार दिवस शेजारच्या काकूंनी आमचा स्वयंपाक आपल्या चुलीवर केला, त्यांचे उपकार आहेत.

फ्रिज आदल्या दिवशी सकाळी बंद केला, बर्फ पूर्ण वितळू दिला, आतून पुसून दार रात्रभर उघडं ठेवलं. ओलसर फ्रिज गुंडाळला तर मे महिन्यात एका दिवसात वास धरतो. उतरवल्यावरही लगेच सुरू केला नाही, पाच-सहा तास उभा ठेवला. वाटेत कलला असेल तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत चढतं, ते खाली बसायला वेळ लागतो. कूलरची टाकी उपसून पंप काढला आणि ताट्या (गवत भरलेल्या बाजूच्या जाळ्या) दोन दिवस उन्हात वाळवल्या. ओल्या ताट्यांनी दुसऱ्यांच्या गाद्या भिजल्याचं मी बघितलं आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीची टोकं चिकटपट्टीने झाकली, बुचं घट्ट केली आणि ‘आडवी करू नये’ असं मोठ्या अक्षरात चारी बाजूंना लिहिलं. शिक्षिकेच्या घरी मार्कर आणि कार्डशीट असतातच. सेवापुस्तिकेची प्रत, लेकीचे दाखले, सोनं-नाणं, देव्हाऱ्यातले टाक, हे सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी माझ्या खांद्यावर.

ठरल्या दिवशी गाडी सकाळी सहालाच आली, हे मला फार आवडलं. दहानंतर आमच्याकडे पत्र्याला हात लावता येत नाही. पण गाडी दारापर्यंत आलीच नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची तार झोळलेली आहे. समोरचे काकाजी धावत आले, “आत घालू नका जी, तार लय खाली हाय!” काकाजी ओरडले नसते तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो. आयशर शाळेच्या मैदानात थांबली, दारव्ह्याहून छोटा हत्ती (लहान टेम्पो) बोलावला, त्याच्या चार खेपा झाल्या आणि त्याचे १,८०० रुपये माझ्या बिलात लागले. व्हिडिओ कॉलवर त्या मुलाने पलंगाची लांबी विचारली होती, रस्त्याचं काही विचारलं नव्हतं. माझीही चूक आहे, मी रोज त्या तारेखालून शाळेत जात होते. गल्ली, तार, वेशीची कमान, नाल्यावरचा पूल, यांचे फोटो आधी पाठवा आणि छोट्या गाडीचा खर्च कोणाचा ते कोटेशनवर लिहून घ्या.

त्यांच्या माणसांच्या कामाबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचं आहे, आणि ते बंगईवरून कळतं. आमची बंगई सासऱ्यांनी स्वतः उभं राहून घडवून घेतलेली, सागाची फळी आणि पितळी साखळ्या. ती हलवायची या विचारानेच सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. टीममधला सगळ्यात मोठा माणूस आधी नुसता उभा राहून वर बघत राहिला. मग म्हणाला, “आजी, कोणती साखळी कुठे, ते मी लिहून ठेवतो. तिथे टांगली की झोका असाच बसेल.” चारही साखळ्यांना चिकटपट्टीवर १ ते ४ आकडे, फळीच्या कोपऱ्यांवर तेच आकडे, वरच्या कड्यांनाही तेच. साखळ्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून प्रत्येक वेगळी सुती कापडात गुंडाळली. फळीला बबलचा कागद, त्यावर खाकी पुठ्ठा, कोपऱ्यांना दुहेरी. कड्या आणि खिळ्या छोट्या थैलीत घालून ती थैली फळीलाच बांधली. वरुडला त्याच माणसाने ती टांगली. सासूबाई बसल्या, पायाने एक झोका घेतला आणि डोळ्यांना पदर लावला.

हीच काळजी दिवाणाला मिळाली नाही. त्याचे बोल्ट दुसऱ्या पोराने मोकळेच खोक्यात टाकले आणि दोन हरवले. कूलरच्या स्टँडचा एक पाय वाकला. आम्ही सामानाच्या यादीवर प्रत्येक नगाला नंबर दिला होता, एकूण ७१ नग, आणि निघण्याआधी लेकीने प्रत्येक नगाचा मोबाइलवर फोटो काढला होता. त्यामुळे उतरवताना नंबर वाचून खूण करता आली, वाकलेला पाय गाडीतच वाकला हे दाखवता आलं, आणि सुपरवायझरने मुकाट्याने ७०० रुपये कमी केले. यादीची एक प्रत आणि माझ्या बदली आदेशाची झेरॉक्स ड्रायव्हरजवळ दिली होती. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद) लागत नाही, पण वाटेत कोणी विचारलं तर दाखवायला कागद असलेला बरा.

छोट्या हत्तीचे १,८०० रुपये मी दिले, पण पावतीच्या दोन्ही प्रतींवर ‘हरकत नोंदवून’ असं लिहून सही केली. लेखी तक्रार ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. नुकसानीचा दावा लावायचा तर २००७ च्या रस्तेवाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून त्याच पत्रात बोल्ट आणि स्टँडचाही उल्लेख केला. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. पैसे परत आले तर पाचवा तारा देईन आणि कंपनीचं नावही लिहीन.