लक्स मीटर : पाच महिने, एक पावसाळा आणि बिनदोरीचं झाकण

मागच्या आठवड्यात माझा लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, बंद पडला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर कंटाळाच होता. तीन रेंज, नऊ व्होल्टची बॅटरी, वायरच्या टोकाला पांढऱ्या घुमटाचा सेन्सर, एवढाच त्याचा थाट. मे अखेरीस १,३५० रुपयांना घेतला. आम्ही मुलुंडला चौथ्या मजल्यावर, दक्षिणेच्या ग्रिलमध्ये मिरची, कढीपत्ता, मोगरा. दर पावसाळ्यात मिरची फुलं गाळते. बायको म्हणते पाणी जास्त होतं, मी म्हणतो ढग. एकदाचा निकाल लागावा म्हणून हा खर्च.

आधी झाकणाचं सांगतो. सेन्सरवर काळं झाकण येतं आणि त्याला दोरी नाही. साध्या पेनड्राइव्हलासुद्धा दोरी देतात हो! चौथ्याच दिवशी ते हातातून सुटलं आणि खालच्या मजल्याच्या पत्र्यावर जाऊन बसलं. काकू म्हणाल्या, “घ्या की, पण पत्र्यावर पाय देऊ नका.” मग काय, उडत जाऊन घेऊ? तेव्हापासून बामच्या डबीचं झाकण रबरबँडने लावतोय.

पहिल्या दिवशी गच्चीवर भर दुपारी स्क्रीनवर नुसता १ आला. तोही मी वहीत लिहून घेतला. आकडा रेंजबाहेर गेला की हे यंत्र १ दाखवतं, हे संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या रेंजवर १ लाख ५ हजार लक्स आले.

लक्स हे आपल्या डोळ्याचं माप आहे, हिरव्या-पिवळ्याला झुकतं. रोपाला मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीतले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, हवेत, निळे काय नि तांबडे काय. त्यांचं माप चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल, असं असतं. ऊन किंवा आभाळाचा उजेड असेल तर लक्सला ५४ ने भागायचं, ढोबळ उत्तर मिळतं. म्हणजे गच्चीवर साधारण १,९००. एलईडीला हा ५४ चालत नाही, दिव्याच्या रंगाप्रमाणे आकडा बदलतो.

पाऊस लागल्यावर ग्रिलमधले आकडे बघून मी हबकलोच. भरदुपारी १,४०० लक्स, म्हणजे जेमतेम २६ मायक्रोमोल. एवढ्या उजेडात पान जे कमावतं ते श्वसनातच जवळपास संपतं. ढगांनी उपाशी मारलं म्हणत २,२०० रुपयांचा ग्रो लाइट, म्हणजे रोपांना उजेड देणारा दिवा, कार्टमध्ये टाकला होता. पैसे भरायच्या आधी मुलीने मीटर हातात घेतला आणि म्हणाली, “बाबा, कोपऱ्यात गुणिले दहा लिहिलंय.” म्हणजे त्या रेंजवर दिसणारा आकडा दहाने गुणायचा. तीन आठवड्यांची वही चुकीची! १४,००० लक्स होते, २६ नव्हे, २६० मायक्रोमोल. ग्रो लाइट कार्टमधून काढला. मीटरचे पैसे तिथेच वसूल.

खरा धक्का जून अखेरीस बसला. दोन दिवस उघडीप, आभाळ निळंशार, गच्चीवर डोळे दिपतील असं ऊन, आणि ग्रिलमध्ये फक्त ७,०००. तिसऱ्या दिवशी पांढरट मळभ आलं आणि ग्रिल परत १४,००० वर. ढग आले की उजेड दुप्पट? सेन्सर गेला असं वाटून घुमट रुमालाने पुसला, पुन्हा मोजलं. तेच.

कारण सूर्याच्या वाटेत होतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि जूनमध्ये तर सकाळ-संध्याकाळही उत्तरेकडेच. माझ्या ग्रिलच्या उत्तरेला भिंत आणि वर अजून तीन मजले. म्हणजे निरभ्र दिवशी माझ्या वाट्याला फक्त दक्षिणेचं निळं आकाश, आणि ते ढगापेक्षा अंधुक असतं. पातळ पांढरा ढग ऊन पकडून चहूकडे पसरवतो, त्यातलं थोडं माझ्या ग्रिलमध्येही येतं. काळेकुट्ट ढग आणि झड लागली की मात्र १,८०० लक्स. तेव्हा खरंच हाल.

तर चोर ढग नव्हतेच, इमारत होती. बायको जिंकली नाही, मीही नाही.

पसरलेल्या उजेडाचं अजून एक आहे. कडक उन्हात कढीपत्त्याची वरची पानं तृप्त होऊन बसतात, जास्तीचं ऊन वाया जातं, खालची सावलीत. मळभात खालच्यांनाही मिळतं. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटून आकाशात धूसरपणा आला, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये निरभ्र दिवशी भरदुपारचं प्रकाशसंश्लेषण २३ टक्के वाढलेलं आढळलं. शिवाय ढगातलं पाणी अवरक्त किरण जास्त खातं, रोपाच्या कामाचा ४०० ते ७०० चा पट्टा त्यामानाने सुटतो.

तरी मिरचीला हे पुरत नाही. दिवसाची सरासरी सेकंदाला १०० मायक्रोमोल धरली तर बारा तासांत ४.३ मोल होतात (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल). फळणाऱ्या रोपाला वीसच्या आसपास हवेत. मनीप्लांट खूश, मिरची नाही. जुलैत मिरची स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत नेली, निदान उघडीप झाली की ऊन मिळायचं. ऑगस्ट सरल्यावर परत दक्षिणेला आणली.

सप्टेंबरात गच्चीवर १ लाख २० हजार दिसले, निरभ्र दुपारपेक्षा जास्त. सूर्य दोन शुभ्र ढगांच्या फटीत होता. थेट ऊन अधिक ढगांच्या कडांवरून आलेला उजेड. पाचेक मिनिटांत ४०,००० वर. या यंत्रातली सर्वांत मजेची गोष्ट हीच.

आता बिघाड. स्क्रीन कोरी झाली. सर्व्हिसवाला फोनवर म्हणाला, “पावसात वापरलाय ना? पाणी गेलं असेल, वॉरंटी नाही. तपासायचे पाचशे, कुरिअर वेगळं.” पावसाळ्याचा उजेड मोजायला घेतलेली वस्तू मी काय उन्हाळ्यात वापरू? फोन ठेवला, बॅटरीचं दार उघडलं. कनेक्टरवर हिरवा काट चढला होता. पॉलिश पेपरने घासला, नवी बॅटरी घातली, चालू.

तीन तारे. एक तारा झाकणाच्या दोरीसाठी कापला, दुसरा पाचशे रुपयांसाठी. मुंबईत घेणार असाल तर जून ते सप्टेंबर बॅटरी काढून ठेवा, लागेल तेव्हाच घाला. आज दुपारी ग्रिलमध्ये ८१० आले, गुणिले शंभर, यावेळी नीट बघितलं. मिरचीला अकरा मिरच्या आहेत, दोन लाल व्हायला लागल्यात.