लडलो की बेकवेल? हॉट टबवाली कॉटेज बुक करायच्या आधी

लंडनमधल्या आमच्या हाउन्स्लोच्या ग्रुपवर थंडीची चाहूल लागली की हा प्रश्न येतोच, कुणाचे तरी आईबाबा पुण्याहून आलेले असतात, लंडन सगळं पायाखाली घालून झालेलं असतं आणि मग "एखादी शांत कॉटेज, बाहेर गरम पाण्याचा टब, जवळ जुनं बाजाराचं गाव" असं काहीतरी हवं असतं. आम्ही दोन्हीकडे राहून आलोय, श्रॉपशरमधल्या लडलोजवळ आईबाबांना घेऊन आणि डर्बीशरमधल्या बेकवेलजवळ पोराबाळांसकट तीन कुटुंबं मिळून, त्यामुळे जे कळलं ते एकदाच सविस्तर लिहून टाकते.

अंतरावरून ठरवायला जाऊ नका, काही फरक नाही. इथून दोन्ही साधारण दीडशे मैल, सव्वातीन-साडेतीन तास. बेकवेलला एम 1 मोटरवेवरून चेस्टरफील्डला उतरायचं, सोपा रस्ता. लडलोला एम 40, मग एम 5, किडरमिन्स्टर आणि शेवटी क्ली हिलवरून खाली उतरायचं, हा शेवटचा तुकडा वळणावळणाचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घ्या, पण वर धुकं नसलं तर तिथून जे दिसतं त्यासाठी दोन मिनिटं थांबाच. गाडी चालवणारं कुणी नसेल तर मात्र प्रश्न मिटला, लडलो. तिथं रेल्वे स्टेशन आहे, मँचेस्टर-कार्डिफ लाइनवर, आणि स्टेशनातून गावात चालत जाता येतं. बेकवेलचं स्टेशन 1967 सालीच बंद झालं, आता जवळचं म्हणजे मॅटलॉक आणि तिथून बस. अर्थात टबवाल्या कॉटेज दोन्हीकडे गावाबाहेरच असतात (गावातली दगडी घरं इतकी खेटून की टब ठेवला तर अख्खी गल्ली बघत बसेल), त्यामुळे लडलोलाही टॅक्सी आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

आता टब, कारण पैसे त्याचेच जास्त लागतात. जाहिरातीत सगळ्यालाच हॉट टब म्हणतात पण दोन जाती आहेत, एक विजेवरचा आणि एक लाकडावरचा. लाकडाचा फोटोत फार गोड दिसतो, धूर काय, चांदणं काय. प्रत्यक्षात तो म्हणजे आपला बंब. आम्ही लडलोला हाच घेतला होता. तीन तास ओंडके घालत बसलो तेव्हा कुठं पाणी अंगाला लागेल इतपत झालं, मग नवरोबांनी उत्साहात आणखी चार ओंडके टाकले आणि पाणी इतकं तापलं की परत गार पाणी सोडावं लागलं. आई खिडकीतून बघत होती, म्हणाली, "अगं एवढे पौंड देऊन बंबच पेटवायचा होता तर आपला तांब्याचा मोडीत कशाला काढला?" गंमत म्हणून एकदा ठीक, पण तीनच रात्री जाणार असाल आणि दिवसभर बाहेर फिरणार असाल तर विजेवरचाच बघा, तो चोवीस तास 37-38 डिग्रीवर राहतो, झाकण काढलं की आत.

पण विजेवरच्यातही एक गोम आहे जी कुणी सांगत नाही. इथल्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेनं 2017 मध्ये या टबांसाठी नियमावली काढली, कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात म्हणून, त्यामुळे भाड्याच्या कॉटेजमधला साधा टब दर पाहुण्यांनंतर रिकामा करून, घासून, परत भरायला लागतो. चांगलंच आहे की, दुसऱ्याच्या पाण्यात कोण बसेल. पण आता हिशोब करा, बाराशे लिटर थंडगार पाणी 10 डिग्रीवरून 38 वर न्यायचं आणि हीटर 3 किलोवॅटचा, म्हणजे बारा-तेरा तास गेले. आधीचे लोक सकाळी 10 ला बाहेर पडले, तुम्ही 4 ला आलात, तर टब खरा गरम होणार मध्यरात्री. बेकवेलच्या कॉटेजला आमचं तेच झालं, शुक्रवारी पोरं स्विमिंगचे कपडे घालून तयार आणि पाणी कोमट सुद्धा नाही, रडारड नुसती. काही मालक भरतानाच गरम पाणी भरतात, तिथं हा प्रश्न येत नाही. म्हणून बुक करायच्या आधी एकच विचारायचं, "चेक-इनला टब किती डिग्री असेल?" नीट आकडा सांगितला तर पुढं बोला, नुसतं "इट विल बी लव्हली" म्हणाले तर पहिली रात्र गेली असं समजा.

महिना पण बघा. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, अंधार पडता पडता साडेदहा-अकरा होतात, आणि बहुतेक ठिकाणी रात्री 10 नंतर टब बंद असा नियम असतो शेजाऱ्यांसाठी. म्हणजे टबातून चांदणं बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा साडेचार ते सहाच्या दरम्यान अंधार, वर गारठा आणि खाली गरम पाणी, खरी मजा तीच. आणि शाळेच्या सुट्ट्या सोडून सोमवार ते शुक्रवार घेतलंत तर चार रात्री बहुतेक वेळा शुक्रवार ते सोमवारच्या तीन रात्रींच्याच भावात पडतात.

आता गावं. बेकवेलचा बाजार सोमवारी, आणि सोमवार म्हणजे नेमका कॉटेज सोडायचा नाहीतर कॉटेजवर पोचायचा दिवस, त्यामुळे सामान गाडीत ठेवून बाजार करायचा आणि पार्किंगसाठी लवकर जायचं. लडलोला किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असा चार दिवस बाजार भरतो, तुम्ही कधीही जा, एक तरी मिळणारच. चीज, पाव, ताजी भाजी. खाण्यापिण्यात लडलो कितीतरी पुढं आहे, दहा-अकरा हजार वस्तीचं गाव पण 1995 पासून तिथं सप्टेंबरात फूड फेस्टिव्हल भरतो, त्या वीकेंडला आसपास कॉटेज मिळणं मुश्कीलच.

बेकवेलची ख्याती पुडिंगची. टार्ट वेगळा आणि पुडिंग वेगळं, पुडिंग म्हणजे खाली पापुद्र्याची खारीसारखी पारी, मग जॅम आणि वर अंडं-बदामाचं मऊसूत मिश्रण. मूळ कृती आमचीच असं गावात एकापेक्षा जास्त दुकानं सांगतात, आपण दोन्हीकडे खाऊन बघायचं आणि वादात पडायचं नाही. फक्त अंडं भरपूर असतं, घरात कुणी खात नसेल तर आधीच सांगा, नंतर तोंड वाकडं होतं.

पोरं असतील तर मात्र बेकवेल आणि बेकवेलच. कारण मॉन्सल ट्रेल. ती बंद पडलेली रेल्वेलाइन आता साडेआठ मैलांची सपाट वाट केलीय, 2011 पासून मधले बोगदे पण उघडलेत, दिवसा आत दिवे असतात, प्रॅम जाते, सायकली भाड्यानं मिळतात, पोरं बोगद्यात शिरली की ओरडून ओरडून घसा बसवून घेतात, आणि एका उंच पुलावरून खाली वाय नदी दिसते. शिवाय तीन-चार मैलांवर चॅट्सवर्थचा वाडा, आतलं तिकीट महाग आहे पण नदीकाठच्या पार्कात मेंढ्यांमधून हिंडायला पैसे लागत नाहीत.

लडलोला पोरं दुसऱ्या दिवशी कंटाळतील. आईबाबांना मात्र तेच आवडलं, सगळं हळूहळू, जुनी लाकडी घरं बघत चहा पीत फिरायचं, फेदर्स हॉटेलची 1619 ची नक्षीदार दर्शनी बाजू तर बाबा रस्त्याच्या पलीकडून दहा मिनिटं बघत उभे होते. किल्ला नॉर्मन लोकांचा, आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर 1502 मध्ये इथंच वारला, वय पंधरा. पण आम्हाला धक्का बसला तो वेगळाच. हा किल्ला 1811 मध्ये विकत घेतला एडवर्ड क्लाइव्हनं, म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा पोरगा. तोच रॉबर्ट, जो प्लासीच्या आदल्या वर्षी, 1756 ला, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घ्यायला वॉटसनच्या आरमाराबरोबर आला होता, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्याच बाजूनं होते. मी हे सांगितल्यावर बाबा तिकिटाकडे बघत म्हणाले, "आधी विजयदुर्ग घेतला आणि आता माझ्याकडून पैसेपण." आई अर्धा तास हसत होती.

चालायचं असेल तर लडलोकडेही लाँग मिंड वगैरे आहे, डोंगर छान, पण मॉन्सलसारखी सपाट सोय नाही, गुडघेवाल्यांनी नदीपलीकडच्या व्हिटक्लिफवर थोडंसं चढून किल्ला बघावा आणि परत यावं.

म्हणजे माझ्या मते आईबाबा किंवा दोघंच असाल तर लडलो, पोरं आणि ग्रुप असेल तर बेकवेल, आणि कुठंही जा, टब विजेवरचा. पण ज्येष्ठांपैकी कुणाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गरोदर असाल तरी, आणि तीन-चार वर्षांच्या पिल्लांना बऱ्याच ठिकाणी आत सोडतच नाहीत, ते नियमात वाचून घ्या. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे.

बाकी घरून न्यायचं म्हणजे टबासाठी वेगळे टॉवेल (कॉटेजवाले बहुतेक देत नाहीत), गाऊन, रबरी चपला, कारण डेकवर बर्फासारखं गार असतं. मसाल्याचा डबा आणि पोहे पण. फोडणी करताना खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, त्या ओपन-प्लॅन कॉटेजमध्ये मोहरी तडतडली की स्मोक अलार्म सुरू होतो आणि तो बंद कसा करायचा हे त्या जाडजूड फायलीत सापडेपर्यंत भात करपतो. आणि डोक्याला खोबरेल लावून कुणालाही टबात उतरू देऊ नका, आमच्या आईनं सवयीप्रमाणे शनिवारी सकाळी चोपडलं होतं, बुडबुड्यांचं बटण दाबल्यावर पाण्यावर असा काही फेस आला की फिल्टर काढून धुवायला मालकाला बोलवावं लागलं, बिचारा गमबूट घालून आला आणि विचारत होता की तुम्ही साबण कुठला वापरलात.